किती पाणी

मॅडम म्हणाल्या, सत्यम्मा, आज तुम्हीच बोला,
कागदावरचं आम्ही रोज बोलतो.
म्हणून उभी राहिले. माईक जरा लांब धरते,
मागाच्या खडखडाटात ओरडायची सवय आहे मला.

अक्कलकोट रोडला टॉवेल तपासते मी.
उजेडासमोर धरायचा, धागा सुटलेला दिसला
की बाजूला, सेकंडच्या ढिगात.
तो ढीग किलोवर जातो.
एका बाईनं विचारलं, नऊ वर्षांचं पोरगं कशाला,
तान्हं मिळत नव्हतं का?
बघितलं तर तिचे डोळे माझ्यासारखेच,
काहीतरी उजेडासमोर धरलेले.

इरेश आला तेव्हा आदेशात लिहिलं होतं: तात्पुरता सांभाळ.
तो शब्द त्याला माझ्याआधी पाठ होता.
आमच्याआधी एक बालगृह, दोन घरं.
पिशवी दारामागं, चपला पिशवीत.
दुकानापर्यंत भर मे महिन्यात अनवाणी जायचा,
चपला जायच्या दिवसासाठी.

आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी पाणी येतं.
हे कळल्यावर त्यानं कॅलेंडर सोडलं.
रात्री दिवा घालवला की विचारायचा,
"मी इथं अजून किती पाणी?"
पुष्कळ.
"पुष्कळ म्हंजे किती?"
मला डझनाचा हिशेब येतो, ग्रोसचा येतो,
ह्याचा आला नाही.

अव्वा हा शब्द त्यानं कुणासाठी तरी ठेवलेला.
मी मागितला नाही.
आमच्यात अम्मा म्हणतात, तोही पुढं केला नाही.
"ओ, वाढा की."
ओ म्हणजे मी. वर्षभर.

सोपं नव्हतं, खोटं कशाला सांगू.
उशीखाली भाकरी, भाकरीला मुंग्या.
शाळेतून तीनदा बोलावणं.
एकदा ह्यांचं घड्याळ फोडलं
आणि स्वतःच उभा राहिला दारात,
हातात पिशवी, पायात चपला.
राजेशम काही बोलले नाहीत. पायांकडं बघत राहिले.
टाचा मागं बाहेर आल्या होत्या.
म्हणाले, लहान झाल्या की रे ह्या. चल, बाजार बंद व्हायच्या आत.

नव्या चपलाही त्यानं पिशवीतच ठेवल्या.
पण बाहेरच्या खिशात.

मग एकदा पहाटे तीनला नळावर भांडण.
मी आत पिंप विसळत होते.
कोणीतरी म्हणालं, "तू कोण बे? तुझं काय इथं?"
आणि त्याचा आवाज, फाटका, झोपेतला:
"आमचा नंबर हाय. आमच्या घरचा."
पिंप कितीदा विसळला मी, कुणास ठाऊक.
त्या दिवशी बाहेर गेले नाही लगेच.
त्याचं भांडण त्याला करू दिलं.

दोन वर्षं झाल्यावर मॅडम घरी आल्या.
कायमचं करायचं का, दत्तक?
मी म्हटलं, आमचं ठरलंय, त्याला विचारा.
तो शेंगा सोलत होता. मान वर न करता म्हणाला,
"कायम म्हंजे किती पाणी?"
मॅडम, तुम्हाला तरी आलं का उत्तर?

बघा, हसल्या.

आता तुम्ही इथं बसलाय, पंखा चालू आहे, चहा येईल.
मॅडमकडं यादी आहे. त्यात तान्ही थोडी.
बाकी सात वर्षांची, अकरा वर्षांची,
दोघं भाऊ एकत्र, एक मुलगी जिचा कान ऐकत नाही.
मी नाही म्हणत की घ्याच.
घरात माणसं असतात, भाड्याचं घर असतं, सासू असते.
फक्त नाव वाचताना
उजेडासमोर धरू नका.
टॉवेल नाहीत ती. मलाही हे उशिरा कळलं,
माझा तर धंदाच तो.

अजून सांगितलं असतं,
पण आज आमच्याकडं पाणी आहे
आणि तो एकटा आहे नळावर.
त्याला मोटर लावता येत नाही अजून.
निघते.