बोथट नाक

कोयना तिकडं हलली आणि इकडं सांगलीत, वखारभागात,
आमच्या छापखान्याच्या केसी उलटल्या.
काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं
सगळं एका ढिगात.
दस्तगीरचाचा तीन दिवस मांडी घालून वेचत बसले.
चौथ्या दिवशी उठले, गुडघे धरून म्हणाले,
निम्मे तर झिजलेलेच होते. द्या मोडीत.

मोडीवाल्याच्या आधी आले हिंदुराव खबाले,
शिराळ्याकडचे, फौजेतून परतलेले,
घोंगड्यात गुंडाळलेली रायफल काखेत.
कुठल्याशा साहेबानं जाताना विकलेली.
मुठीखाली लोखंडी कडी: खाली ओढली की
रिकामं काडतूस बाहेर उडतं,
वर घेतली की भरलेलं चढतं.
ट्रेडलसारखंच की, मी म्हणालो.
मी चौदाचा होतो, मला सगळंच ट्रेडलसारखं दिसायचं.

आयती काडतुसं परवडत नाहीत, हिंदुराव सांगत होते,
आणि नुसतं शिसं मऊ,
जोरात गेलं की नळीला चाटतं, आट्या बुजतात.
तुमच्या खिळ्यांत कथील असतं, अँटिमनी असतं.
अक्षर दाबाखाली बसू नये म्हणून घालता ना?
तेच मला पाहिजे.

चाचांनी ढिगातून मूठभर ळ तेवढे बाजूला काढले.
हा लवकर मिळत नाही, म्हणाले.
बाकीचं तोलून दिलं.

मागच्या अंगणात शेगडी, बिडाची कढई, लांब दांड्याची पळी.
पंखा माझ्याकडं.
मेणाचा खडा टाकला तसं भपकन पेटलं,
वर काळी साय आली, ती काढून टाकली,
आणि खाली आरसा.
त्या आरशात हळदीच्या पावत्या होत्या,
तासगावच्या कुणाच्या लग्नाचं आहेराचा स्वीकार होणार नाही,
एका तोतऱ्या मास्तरांचं भूगोलाचं पुस्तक.
ङ तर कधी लागलाच नव्हता, कोरा करकरीत,
तो सगळ्यात शेवटी विरघळला असं मला वाटलं.

पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या,
उंदराच्या पिलांसारख्या.
साचा थंड आहे अजून, असं म्हणून त्या परत कढईत.
चुकलं की वितळवायचं,
चाचांनी पहिल्यांदा मान हलवली.

मग चकचकीत निघायला लागल्या. पण टोक नव्हतं.
मी विचारलं, हिच्या नाकाला काय झालं?
हिंदुरावांनी नळीखालची नळी दाखवली.
इथं एकामागं एक झोपतात, म्हणाले.
टोक ठेवलं तर मागचीचं टोक पुढचीच्या बुडाला, टोपीवर.
एक दणका, आणि बार आपल्याच हातात.
रांगेत राहायचं तर नाक बोथट पाहिजे.
चाचा कंपोझिंग स्टिक पुसत होते. ते काही बोलले नाहीत.

आठवड्यानं परत आले, कुणी विचारायच्या आत म्हणाले,
हुकलं. डुक्कर भुईमुगातून निघालं ते वारणेकडं,
गोळी बांधावरच्या जांभळीत.
रायफलीचा दोष नाही, गोळीचाही नाही. माझाच.
चहा प्यायले, बशीत ओतून, सावकाश.

पुढं बंदी आली, रायफल ठाण्यात जमा झाली.
ऑफसेट आलं. चाचा गेले, हिंदुराव गेले.
ळ कुठं गेले, मला सांगता येणार नाही.

परवा वखारीत करवत किंचाळली.
जांभळीचं लाकूड, शिराळ्याकडनं आलेलं,
फळीत राखाडी टिकली, भोवती काळं पडलेलं.
मालक शिव्या देत होता, मी पैसे दिले.
त्याच जांभळीचं असेल कशावरून?
कशावरूनच नाही.

फळी दाराजवळ उभी केलीय.
टिकली अगदी वरच्या कडेला आहे,
म्हणजे पूर्णविराम नव्हे. अनुस्वार.
खाली अक्षर नाही.
काल नातीनं तिथं खडूनं ळ काढला
आणि मला विचारलं, आजोबा, ह्याच्या आधी काय होतं?
तळं, म्हणालो. केळं. खुळं.
एक सांगा, ती म्हणाली.