चारशे ऐंशी

रक्त पातळ करायचं औषध म्हणतात सगळे.
पातळ काही होत नाही.
रक्त तेवढंच दाट राहतं, तेवढंच लाल,
फक्त गोठायची आठवण त्याच्याकडून काढून घ्यायची असते
तास-दोन तास,
माझ्या नळ्यांमधून फिरून ते परत जाईपर्यंत.

देझो सोंबाती, वय एकसष्ट, वजन चौऱ्याऐंशी.
तिसा नदीपलीकडच्या गावात डुकरं कापतो,
जानेवारीत, दारोदार जाऊन.
छातीत कळ आली तेव्हाही कुणाच्या तरी अंगणात
वाकून आतडी धूत होता,
उलटी करून, बोटांनी खरवडून,
सॉसेज भरायला.
काल संध्याकाळी मला म्हणाला,
मशीनवाल्या तुम्हीच ना?
पट्टा आहे की साखळी?
रोलर, मी म्हटलं.
रोलर बरा, म्हणाला. अडकत नाही.

मी सांगितलं नाही त्याला
की हेपरिन काढतात ते
तो खरवडून फेकतो त्याच बुळबुळीत अस्तरातून.

चौतीस हजार युनिट. नोएमीने दिलं,
मोठ्याने सांगितलं, मी लिहिलं.
मग थोडंसं रक्त नळीत, नळी यंत्रात,
आणि सेकंद चढायला लागतात.
चारशे ऐंशीपर्यंत गोठता कामा नये.
त्याआधी गोठलं तर पंप सुरू करायचा नाही.
या आकड्याकडे कुणाचा वशिला चालत नाही.

तीनशे बारा.

बेरेत्स्की विचारतो, मान वर न करता, करायचं सुरू?
नाही.
आणखी दहा हजार. तीनशे एकेचाळीस.
सुई शिरेतच आहे ना, पाहिलं. आहे.
दुसऱ्या बॅचची बाटली, आणखी दहा.
तीनशे अडतीस.
कमी झालं?
कमीच झालं.

छाती उघडी. हृदय आपलं आपण चाललंय,
कुरकुरत, पण चाललंय.
माझे हात रिकामे. माझ्या नळ्यांत दीड लिटर खारं पाणी,
स्वच्छ, अजून कुणाचंच नसलेलं.

हट्टी रक्त, कुणीतरी पुटपुटलं.
हट्टी नाही. त्याला जन्मभर एकच शिकवलंय:
सुरी लागली की मिटून घे.
या माणसाच्या बोटांवर चाळीस वर्षांचे वण आहेत,
दर वेळी ते मिटलं, म्हणून तो इथवर आला.
आता त्याला कसं सांगायचं
की आजची सुरी आपली आहे.

सहा दिवस, नोएमी म्हणाली.
सहा दिवस जिल्ह्याच्या इस्पितळात हेच औषध
थेंबथेंब चालू होतं. अँटिथ्रॉम्बिन संपलं असणार.

हेपरिन एकटं काही करत नाही.
रक्तातल्या एका झोपाळू गड्याच्या
खांद्यावर ते हात ठेवतं, म्हणतं, ऊठ.
बाकीचं काम त्या गड्याचं.
सहा दिवस उठवून उठवून
घरातले उठणारेच संपले,
आणि आम्ही दार ठोकत होतो,
अजून जोरात, अजून जोरात.

कुपी आली. पांढरी भुकटी, वर पाणी.
हलवायची नाही, फेस येतो,
तळव्यांत हळू घोळवायची.
घोळवताना लेबल वाचलं: मानवी रक्तद्रवापासून.
म्हणजे कुणीतरी, कुठेतरी, एका खुर्चीत
बाही वर सारून बसलेलं,
मोबाईल बघत,
कदाचित खोलीचं भाडं थकलं म्हणून.

पाचशे छप्पन्न.

सुरू, मी म्हटलं, आणि मूठ फिरवली.
खाऱ्या पाण्यात लाल शिरलं,
आधी धाग्यासारखं, मग सगळंच.

तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं होतं त्याला.
छातीला उशी धरून खोकत होता.
मला पाहून थांबला.
काही अडकलं का?
थोडा वेळ, मी म्हटलं.
त्याने मान डोलावली,
एका मशीनवाल्याने दुसऱ्याला डोलवावी तशी,
आणि पुन्हा खोकू लागला.