कानाची पाळी

एक वही, एकवीस रेखाटनं. सगळी टोपलीवाल्या भिवराची.
केळवेकर चित्रकारांची पणती
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून घेऊन आली,
म्हणाली, वाळवी लागायच्या आत बघा.

जुने कागद स्वच्छ करणं हे माझं काम.
भायखळ्याच्या या तळघरात
मऊ कुंचला, गाळलेलं पाणी, टीपकागद,
आणि श्वाससुद्धा जपून.

वरच्या दालनात ती दमयंती आहे,
राणीच्या राज्यातली, सोनेरी चौकटीतली,
विलायतेहून मागवलेल्या रंगांत न्हालेली,
कानांत टपोरे मोती.
शाळेची पोरं रांगेने तिच्यापुढून जातात.

खाली माझ्या टेबलावर मात्र
ती जांभई देते.
पाठ खाजवते.
मुगभाटातल्या माळ्यावर, भर दुपारी,
चोळीची गाठ सैल करून
कुठेच बघत नाही.
एका पानावर नुसती मान.
मानेवरचे चुकार केस इतके हलके
की पेन्सिल टेकलीच नसावी,
जवळून गेली असावी.

आणि उजव्या कानाची पाळी फाटलेली.
कुणी ओरबाडली, कधी, कळत नाही.
दमयंतीला त्याने मोती दिले,
भिवराची चीर दर वेळी काढली,
टोकदार पेन्सिलीने, सावकाश,
फुंकर घालावी तशी.

पानामागे हिशेब: बैठक तीन तास. सहा आणे पावले.
खाली अंगठा.

एकोणिसाव्या पानावर अंगठा पुढच्या बाजूला आहे.
नेमका कानावर.
थुंकी लावून कुणीतरी ती चीर पुसली आहे,
पुसताना गालही थोडा काळवंडलाय.
त्याचा अंगठा एवढा लहान नव्हता.
त्याचे ठसे मला पाठ आहेत, कडेकडेचे, कोळशाचे.

त्याने ती जागा पुन्हा काढली नाही.
पुढच्या दोन चित्रांत तिने पदर कानावरून घेतलाय.
मग कोरी पानं. साल सत्त्याण्णव.
मुंबईत त्या साली कोऱ्या पानांना
वेगळं कारण लागत नव्हतं.

अहवालात एक रकाना असतो: डाग.
त्यापुढे: काढता येण्याजोगा, होय किंवा नाही.
वरून फोन आला, प्रदर्शन सोमवारी,
सगळं लख्ख हवंय.

मी कापूस भिजवला.
पिळला.
मग माझ्याच चष्म्याच्या काचा पुसत बसले
बराच वेळ.