सुम

उणे एकतीस.
गुरं मोजायची तारीख उलटून दोन दिवस झालेत.
त्सेंदसुरेनबाई पेन काखेत धरून बसल्यात,
शाई गोठते म्हणून.
फॉर्मवर तीन रकाने : आयमग, सुम, बग.

लुव्सनदाश म्हातारा हातमोजा दातांनी ओढतो,
मधल्या रकान्यावर बोट ठेवतो :
"आणि हा कुणी मारला?"
बाई हसत नाहीत. दरवर्षीचा विनोद आहे.

सुम म्हणजे तालुका.
सुम म्हणजे बाण.
बंदुकीची गोळी आली, तिलाही तोच शब्द पुरला.

पलीकडच्या शाळेत बाडमखंड मास्तर फळ्यावर लिहितात :
मांचूंची राजवट. दीडशे स्वारांची एक तुकडी,
तुकडीचं नाव बाण.
आधी माणसं मोजली,
मग त्या माणसांची कुरणं,
मग माणसं गेली
आणि नाव गवताला चिकटून राहिलं.
पोरं उतरवून घेतात. दोन गुणांना येतं.

म्हाताऱ्याला हे मान्य नाही.
त्याचा सासरा सांगायचा :
एक बाई विधवा झाली. दिरांनी विचारलं, किती हवी जमीन?
तिनं नवऱ्याचं धनुष्य उचललं आणि बाण सोडला.
पडेल तिथवर माझी.
"मग? कुठे पडला?"
"पडताना कुणी बघितलाच नाही ना.
म्हणून तर हिंडतोय आम्ही अजून."

आता उपग्रहानं रेघ काढली आहे.
ती याच्या हिवाळी तळाच्या मधून जाते :
विहीर या सुमात, बकऱ्यांचा वाडा त्या सुमात.
बाई विचारतात, रात्री झोपतात कुठे बकऱ्या?
"जिथे वारा नसेल तिथे."
असा रकाना फॉर्मवर नाही.

मी कोपऱ्यात मिठाचा चहा पीत होतो.
त्याच विहिरीवर सौरपंप बसवायला आलेला परका माणूस.
म्हातारा वळून म्हणाला, तुमच्याकडे काय म्हणतात?
म्हटलं, तालुका. त्याच्या वर जिल्हा.
"म्हणजे काय?"

चाळीस वर्षं पाकिटांवर लिहीत आलो,
मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. तमुक,
आणि म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

रात्री टेकडीवर चढलो, तिथे फोनला रेंज येते.
बोटं बधिर होईस्तोवर शोधलं.
तालुका : अरबी. जोडलेलं, लटकलेलं, संबंध असलेलं.
जिल्हा : अरबीच.
बरगडी.

सकाळी विहिरीवर सांगितलं त्याला.
त्यानं देलच्या आत हात घातला,
मेंढीच्या कातड्याखाली, लोकरीखाली, थेट हाडापर्यंत,
आणि एकेक चाचपत राहिला,
जणू कुणी आत्ताच मोजायला सांगितल्या.
"बरोबर आहे," म्हणाला,
"बाण शेवटी तिथेच लागतो."

पंप सुरू झाला. पाणी आलं आणि नळाच्या तोंडाशीच गोठलं.

दुपारी त्सेंदसुरेनबाईंनी शिक्क्यावर दोनदा हा-हा करून फुंकर घातली.
बकऱ्या त्र्याण्णव.
सेहेचाळीस या सुमात लिहिल्या, सेहेचाळीस त्या.
उरलेली एक त्यांनी कुठेच लिहिली नाही.
म्हाताऱ्यानं विचारलं नाही.
दार उघडलं तेव्हा ती बाहेर उभी होती,
नोटीस बोर्डाचा कागद खात.