पाण्यात पाहणे

रबाळ्याच्या गाळ्यात, एप्रिलच्या दुपारी,
वरचा पत्रा टणटण वाजत तापतो.
निषादची ऑक्टाविया नाकाशिवाय उभी,
बंपर भिंतीला टेकवलेला,
आणि तो लॅबचा रिपोर्ट वाचावा तसे आकडे वाचतोय:
टर्बोतून सुटताना एकशे अडतीस अंश,
इंजिनात शिरताना एकाहत्तर.
दाबली की हवा चिडते.
चिडली की विरळ होते,
आणि वर इंजिन ठोके देतं, डब्यात खिळे हलवल्यासारखे.

मी म्हणाले, मध्ये पाणी घालू.

कोअर तळोज्याच्या भंगारातला,
कुठल्याशा जनरेटरचा, किलोच्या भावाने;
पात्यांत एक वाळलेली गांधीलमाशी.
टाक्या आधी पुठ्ठ्यात कापल्या,
बिपिनच्या बहिणीच्या लग्नपत्रिकांचं खोकं,
त्यामुळे हवा शिरते त्या तोंडावर
अर्धंच आलं, ‘शुभवि’.

ॲल्युमिनियमवरची साय आतल्या धातूहून चिवट.
आतला सहाशे साठला वितळतो,
ती दोन हजारांपर्यंत दम धरते.
आधी तिला फोडायचं, आर्गॉनच्या फुंकरीखाली,
उजव्या हातात टॉर्च, डाव्यात तार, पायाशी पेडल,
श्वास नंतर.
आयटीआयचे सर म्हणायचे,
घाई केलीस तर सांध्याऐवजी भोक मिळेल.
पहिलं वर्षभर मला भोकंच मिळाली.

मग त्याला पाण्यात पाहिलं.
शेजारी शेजाऱ्याला पाहतो तसं नव्हे;
तोंडं बंद करून, निळ्या ड्रममध्ये बुडवून,
आत दोन बार हवा.
चौघे ड्रमवर वाकलेले.
बराच वेळ काहीच नाही.
मग उजव्या कोपऱ्यात एक बुडबुडा,
मोहरीएवढा.
थांबला. सुटला. मागे दुसरा तयार.

निषाद म्हणाला, एवढ्याशानं काय होतंय?
होडीच्या घरातल्या माणसाला हे विचारू नये.
हवा दबते. पाणी दबत नाही.
थेंबथेंब साठून घोटभर सिलिंडरात गेलं
तर रॉड वाकतो, पाणी नाही.
मी बाहेर काढून पुसलं, खडूनं गोल केला,
आणि काच पुन्हा डोळ्यांवर ओढली.

राहिला पंप.
आबांनी होडी करंज्याला विकली, जाळी वाटून टाकली,
पण तळातलं पाणी उपसायचा तो बारा व्होल्टचा पंप
गोणपाटात गुंडाळून दिवाळ्याच्या घरी, पलंगाखाली.
कशाला ठेवलाय विचारलं की, असू दे.
मागायला गेले तेव्हा सगळं ऐकून घेतलं,
सुपारी संपवली, मग म्हणाले,
“हवेला बर्फान ठेवतंस? म्हावरा हाय का ती?”

पण तुर्भ्याच्या डायनोवर स्वतःच आले,
स्कूटरवर जेट्टीवरच्या बर्फाच्या दोन पेट्या,
बांगड्याच्या वासासकट.
डिकीतल्या टाकीत फोडलेला बर्फ ओतला.
जन्मभर पाणी बाहेर फेकलेला पंप
आता तेच तेच पाणी फिरवत बसला,
जुन्या आवाजात, किंचित खोकत.

पहिली रन: इंजिनात हवा तेवीसवर.
दुसरी: एकोणतीस, आणि चाकांवर तीनशे ऐंशी घोडे.
निषाद कुणाला तरी फोनवर ओरडून सांगत होता.
मी पाण्याचा काटा बघत होते.
सहा. एकोणीस. चौथ्या रनला एकेचाळीस.
पाण्यालाही पोट असतं, किती गिळेल?
हे मी आधी सांगितलं होतं,
तेव्हा कुणी ऐकत नव्हतं.

आबा पुढे झाले. टाकीच्या कडेला,
मी खडूनं गोल केला होता नेमकं तिथेच,
तळहात ठेवला.
ताज्या माशाला लावतात तसा, दाबून न बघता.
सांध्याबद्दल काहीच बोलले नाहीत.
“बर्फ कमी परला,” म्हणाले,
आणि रिकाम्या पेट्या उचलून
स्कूटरची चावी कुठं ठेवली ते शोधू लागले.