हाडाची घोडी

सतारीची घोडी हाडाची असते.
उंटाचं हाड, जड, पांढरंशुभ्र.
चाळीस वर्षं मिरजेच्या या बोळात
मी ते कानशीनं घासतोय.
हातात घेतलं की सांगतो, हे टिकेल, हे नाही.
पोचट हाड कानशीला लगेच वाट देतं,
त्यावर तार ताणली तर महिन्यात खाचा पडतात,
सूर फाटतो.
असलं हाड मी परत पाठवतो.

त्या दिवशी आतून काट् असा आवाज आला.
मी जागेवरूनच ओरडलो,
"अय तौफिक, शिसवी खुंटी आहे ती,
पैसे कोण भरणार?"
खुंटी नव्हती.
सफूरा उंबऱ्याला ठेचकाळली होती,
तोल जाताना हात टेकवला होता,
एवढंच.

मगदूम डॉक्टरीणबाईंनी मशीनखाली झोपवलं तिला.
कागद आला: उणे तीन पूर्णांक एक.
मग चित्र दाखवलं,
एक धडधाकट हाड, शेजारी हिच्यासारखं.
वाळवी लागलेलं तुणाचं लाकूड असंच असतं,
वरून पॉलिश शाबूत.
मी काही बोललो नाही.
असलं हाड मी परत पाठवतो.

पाळी कधी गेली?
बेचाळीसाव्या वर्षी.
आईला पोक होतं?
होतं. आम्ही त्याला वय म्हणायचो.
दूध घेता?
चहात असतं की.
उन्हात बसता?
सफूरानं माझ्याकडे पाहिलं.

भीमाकाठचे भोपळे येतात आमच्याकडे.
गच्चीवर मांडतो, उलटेसुलटे करतो,
कुठली बाजू सावलीत राहिली
याची मला झोपेतही खबर असते.
त्यांना ऊन दाखवलं मी सगळी वर्षं.

घरी येऊन लग्नाचा फोटो काढला.
तंबोऱ्याशेजारी उभी आहे,
वरची खुंटी तिच्या कानाच्या पाळीशी.
तो तंबोरा अजून आहे, विकला नाही.
तिला म्हटलं, उभी राहा जरा.
खुंटी भुवईशी आली.
ती म्हणाली, "तंबोरा वाढला वाटतं,"
आणि हसली.
मला हसता येईना.

बाई म्हणाल्या, हाड जिवंत असतं, चाचा.
रोज थोडं मोडतं, रोज थोडं बांधतं,
हिचे गवंडी मागे पडलेत.
त्यांना माल द्या, काम द्या.
मी जन्मभर मेलेलंच हाड हाताळलं,
मला हे कोण सांगणार?

उंबरा मी स्वतः रंध्यानं उतरवला.
जिन्यात दिवा लावला.
नाचणीची आंबील ती नाक मुरडून पिते,
तिळाची चटणी मात्र मागून घेते.
सकाळी किल्ल्याच्या खंदकापर्यंत
आम्ही दोघं चालत जातो,
लोक विचारतात, कुणाकडे निघालात?
कुणाकडेच नाही, हे पटत नाही कुणाला.

निलोफरला फोन केला, चौतिसावं लागलंय तिला.
म्हणाली, अब्बा, मला काय झालंय?
म्हटलं, तुझ्या अम्मीलाही काही झालं नव्हतं.

शनिवारी गोळी. उपाशीपोटी,
ग्लासभर पाणी, आणि अर्धा तास
आडवं व्हायचं नाही.
ती खुर्चीत ताठ बसते
आणि मी समोर घोडी घासतो.
"झाला का अर्धा तास?"
"अजून जवारी खुलायचीय."

काल तिनं ती घोडी उचलली,
मोडून जुळलेल्या हाताच्या तळव्यावर ठेवून
वजन पाहिलं.
"कुठलं हाड हे?"
"राजस्थानातून आलंय."
"चांगलं आहे?"
"कानस सरकत नाही, इतकं घट्ट."
थोडा वेळ ती खिडकीतल्या उन्हाकडे बघत राहिली.
म्हणाली, "उंट होता ना,
ओझं घेऊन उन्हात चालला असेल."