कोणत्या तीरी

सकाळी साडेसातला दवाखान्याबाहेर रांग.
पिवळ्या तापाची लस.
मीही उभा, डावी बाही वर करून,
आणि मागून नाईक सर्जेराव खोत विचारतो,
पंडितजी, सुई टोचल्यावर उपास मोडतो काय ओ?
मी म्हणतो, तुझा उपास मघाशी भज्यांनी मोडला.
रांग हसते. तेवढ्यात टोचून होतं.

नऊला क्वार्टरमास्टर.
कापूर विमानात चालत नाही.
नारळ चाळीस लिहिले होते, त्यानं बारा केले.
तिकडं बी देवच हाय न्हवं, भागवून घील.
शंख एक, घंटा दोन, समई पितळी एक,
पेटी, भाता फाटलेली, एक.
ती लक्ष्मीपुरीत दुरुस्तीला आहे.
कारागीर म्हणतो बुधवारी.
विमान मंगळवारी.

दुपारी माणसं एकेकटी येतात,
देवळाच्या मागच्या दारानं, बूट हातात घेऊन.
तवनाप्पा मगदूम, शिरोळचा:
तिकडं सूर्य कधी मावळतो?
पंचांगात आफ्रिका नाही.
हेडक्लार्कला विचारलं. साडेसहाच्या आगंमागं, वर्षभर.
लंगरला चिठ्ठी लिहिली: सहाला एक ताट, रोज, विसरू नये.
अस्लम मुजावरला किबला हवा होता.
नकाशावर पट्टी ठेवली आम्ही दोघांनी.
ईशान्य निघाली.
अरे, हा तर आमच्या देवघराचा कोपरा.
तो म्हणाला, मग जरा सरकून बसू.

पट्टणकोडोलीहून एकाची आई आली,
पिशवीत अर्धा किलो भंडारा.
पिवळी पूड बघून विमानतळावर पोराला धरतील, म्हणाली.
मी कागद केला: हळद, धार्मिक वापरासाठी. सही. गोल शिक्का.
ती बराच वेळ शिक्क्याकडं बघत राहिली,
मग कागदालाच हात लावून पाया पडली.

शिपाई गुंडू चौगले फॉर्म घेऊन येतो.
'निकटचा नातेवाईक' ही ओळ कोरी.
बाप बोलत नाही. आई नाही.
एक मुलगी आहे, राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानात.
पंडितजी, शनिवारपर्यंत जमंल?
मी मुहूर्त बघितला. नव्हता.
मग बघितलाच नाही असं धरलं.
शनिवारी अकराला, टेंबलाईच्या पायरीशी, सात माणसं,
आणि दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून
साडेबाराला नवरी परत कामावर.

ट्रंकेच्या तळाशी, सोवळ्याखाली,
गंगेचा गडू, तुळशीची माळ,
पांढरं कापड.
हे मी यादीत घातलं नव्हतं.
तपासणीत क्वार्टरमास्टरचा हात तिथवर गेला, थांबला.
सोवळं त्यानं होतं तसं नीट घडी करून वर ठेवलं
आणि यादीत शेवटी स्वतः लिहिलं:
इतर.
नारळांचे पंधरा करून दिले, न मागता.

घरी पोचायला साडेदहा.
रंकाळ्यावर न्यायचं कबूल केलं होतं.
ईश्वरी सँडल घालूनच झोपलेली.
बायको माझ्या बॅगेवर नाव शिवत होती, निळ्या दोऱ्यानं,
वर न बघता म्हणाली,
एवढ्या जणांना धागे बांधलेस. तुला कोण बांधतंय?
मी मनगट पुढं केलं.
तिनं दोरा दातानं तोडला. बॅगेचाच.

आता झोप नाही.
संकल्प घोकत बसलोय.
बावीस वर्षं जीभ आपोआप जाते
दंडकारण्यात, गोदेच्या दक्षिण तीरी,
तिथं पाय रोवल्याशिवाय पुढचा शब्द निघत नाही.
तिकडं काय म्हणायचं?
पहिल्या पहाटे पाणी हातात घेतल्यावर
आम्ही नक्की कुठं उभे आहोत, हे सांगावं लागणार.

सव्वाअकराला नकाशे सांभाळणाऱ्या हवालदार पाडळकरला फोन लावला.
आपला कॅम्प नीलच्या कोणत्या तीरावर?
जांभई. कागदांची सळसळ.
पूर्व. का ओ पंडितजी, काय ऑपरेशन हाय?
व्हय, म्हणालो.
रोज पहाटे चारला.